जिन्याखालचा कांदा

साहेबांच्या मुलाला दहावीत ९१ टक्के मिळाले आणि त्या निमित्ताने आमच्या चाळीत लिली आली.

चाळ लालबागची, भारतमाता सिनेमाच्या बाजूची. साहेब दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्याच्या खोलीत राहतात. बँकेत अधिकारी, म्हणून साहेब. मुलाचं शाळेतलं नाव चांगलं भारदस्त आहे, पण चाळीत तो बाब्याच. मंडळाने त्याचा गुणगौरव केला, शाल घातली, एक पुष्पगुच्छ दिला. गुच्छ दादरच्या फुलबाजारातून आणलेला. त्या बाजारात लिली मागितली की एरवी हातात पडते ती लांबट पांढऱ्या कळ्यांची जुडी. हारात, वेणीत, गणपतीच्या मखरात जाते ती. या गुच्छातली लिली वेगळी होती. बशीएवढी गुलाबी फुलं, पाकळ्यांवर गडद ठिपके, आणि वास असा की शेजारच्या दोन खोल्यांना कळावं, साहेबांकडे काहीतरी समारंभ झाला आहे. फुलं आठवडाभर टिकली. साहेबांनी तेव्हाच ठरवलं की हे फूल आपल्या गॅलरीत आपण वाढवायचं.

साहेब करतात ते रीतसर करतात. त्यांनी व्हिडिओ पाहिले, वहीत टिपणं काढली आणि डिसेंबरात एका रोपवाटिकेतून कांदे मागवले. हे कांदे बहुतेक हॉलंडहून येतात. लाल माती, वाळू आणि शेणखत सम प्रमाणात मिसळून साहेबांनी खोल कुंड्या भरल्या. कांदा वीतभर खोल गेला पाहिजे, कारण या जातीला कांद्याच्या वर, देठालाही मुळं फुटतात, हे त्यांना माहीत होतं. काठ्या रोवल्या, देठ सुतळीने बांधले. मार्चमध्ये फुलं आली. गॅलरीतून येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबला. साहेबांनी परागाच्या तपकिरी पुड्या चिमटीने काढून टाकल्या, कारण त्यांचा डाग कपड्यावरून जात नाही. (ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी ही लिली आणूच नये. तिचं पान, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करतं. आमच्या चाळीतली मांजरी शहाणी निघाली म्हणून वाचली.)

फुलं पाहायला चौथ्या मजल्यावरून नानीही उतरल्या. गुडघे धरत, कठड्याला हात लावत. म्हणाल्या, "देखणं आहे हो साहेब. डोळे निवले."

पाकळ्या गळल्या त्याच संध्याकाळी साहेबांनी कात्री घेतली आणि सगळे देठ मातीलगत कापून टाकले. गॅलरी नीट दिसली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. नानींना दुसऱ्या दिवशी कळलं.

"पानं कशाला कापलीत? आता कुठे त्यांचं काम सुरू झालं होतं."

"फुलं संपली ना नानी. आता त्या पानांचं काय करायचं?"

"फुलं आली ती गेल्या वर्षीच्या पानांवर. पुढच्या वर्षीची कुठून आणाल?"

साहेब हसले. पण म्हातारीचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. फूल उमलताना कांदा आपली साठवण खर्चून टाकतो. ती भरून काढतात पानं, फूल गेल्यानंतरचे तीन-चार महिने उन्हात उभी राहून. वाळलेलं फूल आणि बी धरू पाहणारं बोंड जरूर खुडावं, कारण बी पोसण्यात कांद्याची ताकद जाते. पान मात्र आपण होऊन पिवळं पडेपर्यंत त्याला हात लावू नये. बागकामातल्या बहुतेक नियमांना अपवाद असतात. याला मी तरी पाहिलेला नाही.

साहेबांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. त्यांनी पानं ठेवली असती तरी त्या कुंडीत पुन्हा तसंच फूल आलं असतं, याची खात्री नाही. ही लिली थंड मुलखाची. फुलण्याआधी तिच्या कांद्याला सहा-आठ आठवडे फ्रिजच्या आतल्यासारखी थंडी लागते. विकत मिळणारा कांदा ती थंडी शीतगृहातच खाऊन येतो. मुंबईत डिसेंबरच्या पहाटे पारा पंधराच्या खाली गेला तरी वर्तमानपत्रात बातमी होते. वर पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाणी. साहेब तर पाऊस असो नसो, रोज सकाळी तांब्याभर पाणी घालत. जुलैत त्यांनी कुंडी उकरली तेव्हा कांद्याचा चिखल झाला होता आणि त्याला घाण वास येत होता. डिसेंबरात त्यांनी नवे कांदे आणले. पुन्हा फुलं, पुन्हा कात्री, पुन्हा चिखल.

नानींची गॅलरी चौथ्या मजल्यावर, पश्चिमेकडे तोंड करून. तिथे कुंडी म्हणावी अशी वस्तूच नाही. तेलाचे डबे, रंगाच्या बादल्या, एक फुटका माठ, बुडाला खिळ्याने भोकं पाडलेली. डब्यांत दाटीवाटीने पावसाळी लिली. उन्हाळाभर ती मेल्यासारखी पडून असते आणि जूनचा पहिला जोराचा पाऊस पडून गेला की चार-पाच दिवसांत एकदम गुलाबी फुलांची रांग उभी राहते. बादलीत दादरच्या जुडीवाली पांढरी लिली. तिची फुलं कोळ्याच्या पायांसारखी, संध्याकाळी उमलणारी. एका डब्यात मे महिन्यात लाल चेंडू धरणारी फुटबॉल लिली. आणि माठात नानींचा खरा मान: मोठी लाल लिली, जाडजूड पोकळ दांड्यावर एप्रिलमध्ये कर्ण्यासारखी चार फुलं. वनस्पतिशास्त्रवाले यांतल्या एकीलाही खरी लिली म्हणत नाहीत. ही सगळी कांदा-लसणाच्या कुळातली, अमेरिकेतून नाहीतर आफ्रिकेतून आलेली. पण मुंबईचा उकाडा, पाऊस आणि त्यामधला कोरडा काळ त्यांना मानवतो. सह्याद्रीत अगदी आपली म्हणावीत अशी याच कुळातली रानटी झाडं आहेत. महाबळेश्वरच्या सड्यावर पाऊस येता येता ती पांढरी फुलतात आणि बाकी वर्षभर जमिनीखाली काय करतात, ते कुणाला दिसत नाही.

बारावीच्या वर्षी बाब्या नानींच्या गॅलरीत जास्त दिसायला लागला. अकरावीपासून त्याचे दोन क्लास होते. नीटची तयारी, सकाळी सहा ते रात्री दहा. रविवारी चाचणी. संध्याकाळी साहेब घरी आले की पहिला प्रश्न, "किती झालं?" हा प्रश्न चहाच्या आधी यायचा. त्याच साहेबांना एक सवय होती. लावलेला कांदा रुजतो आहे की नाही हे पाहायला दर रविवारी ते बोटाने माती बाजूला सारत, कांदा थोडा वर उचलत, मुळं बघत आणि परत दाबून ठेवत. नानी एकदा वरून म्हणाल्याही, "साहेब, त्याला जरा एकटं सोडा की." साहेबांना वाटलं, कांद्याबद्दल बोलतात.

निकाल लागला. बारावीत बरे मार्क, नीटमध्ये फार कमी. कुणी शाल घातली नाही, हे ओघानेच आलं. साहेबांनी त्याच आठवड्यात तिसरा क्लास शोधला आणि एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यायची असं ठरवलं. बाब्याला कुणी विचारलं नाही. त्यानेही काही सांगितलं नाही. तो गॅलरीत यायचा बंद झाला. क्रिकेटच्या हाका आल्या तरी दार उघडेना.

त्याला बाहेर काढलं ते अळ्यांनी. पावसाळ्यात लिलीवर एक अळी पडते, काळी, अंगावर पांढरे ठिपके आणि मधूनमधून नारिंगी. दिसायला नक्षीदार, पण एका रात्रीत पान खाऊन शिरा तेवढ्या शिल्लक ठेवते. नानींना वाकता येईना. त्यांनी खालच्या मजल्यावर निरोप पाठवला, "त्या पोराला पाठवा, कामाचं कोणी नाही इथे." बाब्या आला, साबणाच्या पाण्याचा डबा घेतला आणि काडीने एकेक अळी उचलून त्यात टाकू लागला. पानाच्या खालच्या बाजूला अंड्यांचे पुंजके असतात, तेही बोटाने चिरडले. मग कडुनिंबाचं तेल पाण्यात फेसून फवारलं. दुसऱ्या दिवशी न बोलावता आला.

त्या संध्याकाळी नानींनी त्याला माठाची गोष्ट सांगितली. नानींची गोष्ट सांगण्याची पद्धत कोरडी. ऐकणाऱ्याला रडवायचं असा काही हेतू नसतो.

नानींचे यजमान परळच्या एका मिलमध्ये साचेखात्यात होते. मिलच्या आवारात मॅनेजरच्या बंगल्यापुढे बाग होती. तिथल्या माळ्याने जादा झालेले लाल लिलीचे कांदे उपटून टाकले, त्यातला एक यजमानांनी डब्याच्या पिशवीतून घरी आणला. काही वर्षं तो छान फुलला. मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. गिरणगावातले सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पहिल्या महिन्यात सगळ्यांना वाटत होतं, पंधरा दिवसांत मिटेल. होळीपर्यंत वाण्याने उधारी बंद केली. मग एकेक खोली कुलूप लावून गावाकडे निघाली. नानीही दोन मुलांना घेऊन संगमेश्वराकडे गेल्या. सासऱ्यांची थोडी भातशेती होती. माठ गॅलरीत आतल्या भिंतीला, जुन्या फळकुटांच्या मागे सरकवला. नेऊन काय करणार? त्या भिंतीशी पाऊस पोचत नव्हता आणि पाणी घालायला कुणी नव्हतं.

परत आल्या त्या पुढच्या वर्षी, शिमगा करून. संप कुणी मागे घेतला नव्हता, पण संपलाही होता. खोलीत धूळ, माठातली माती भिंतीपासून सुटून भेगाळलेली. पान नावाला नाही. कांद्याची वरची सालं कागदासारखी झाली होती. यजमान म्हणाले, टाकून दे. नानींनी अंगठ्याने दाबून पाहिलं. कांदा टणक होता.

"मग मी पाणी घातलं. थोडंच. एकदम घातलं असतं तर सडला असता. महिन्याभराने मानेतून दांडा वर आला. पान एकही नाही, नुसता दांडा, आणि त्याला फुलं."

"मग आजोबांना मिलने परत घेतलं?"

"छे! त्यांचं नाव यादीत नव्हतं. पुढे वॉचमनचं काम केलं त्यांनी, शेवटपर्यंत. फुलं आली म्हणून कुणाचं पोट भरत नाही रे. टाकून दिला नाही, एवढं बरं वाटलं."

बाब्याने विचारलं, वर्षभर तो कांदा आत काय करत होता? नानी म्हणाल्या, "मला काय ठाऊक! मी कापून थोडाच बघितला?"

साहेबांचा दुसरा चिखल झाला तेव्हा नानींनी माठातलंच एक पिल्लू, चांगलं मुठीएवढं, त्यांना दिलं. सोबत सूचना दिल्या आणि मी त्या इथे देतो, कारण मुंबईत लाल लिली लावणाऱ्याला एवढ्याच पुरतात. कुंडी कांद्यापेक्षा दोन बोटंच मोठी घ्यावी. मोठ्या कुंडीत नुसती पानं आणि पिल्लं होतात. कांद्याची मान आणि खांदा मातीच्या वर ठेवावा, तिसरा हिस्सा तरी. निदान चार तास ऊन हवं. पावसाळ्यात कुंडीखाली ताटली ठेवू नये. महिन्यातून एकदा मूठभर जुनं शेणखत नाहीतर गणपतीतल्या निर्माल्याचं खत, आणि चिमूटभर हाडांचा चुरा. युरिया घालू नये. आणि दिवाळी झाली की पाणी कमी करत करत डिसेंबरात बंद. पानं पिवळी पडतील, पडू द्यावीत. कुंडी सावलीत, कोरड्या जागी सरकवावी आणि फाल्गुनापर्यंत तिच्याकडे बघू नये.

साहेबांनी बहुतेक सूचना पाळल्या, शेवटची सोडून. युरियाही घातला, "थोडासाच". पानं हातभर लांब, हिरवीगार झाली. नानींच्या सांगण्यावरून डिसेंबरात पाणी तोडलं खरं, पण पानं पिवळी पडू लागल्यावर त्यांचा जीव राहीना. तीन वेळा पाणी घातलं, दोन वेळा उकरून पाहिलं. जानेवारीत कुंडीत नुसता तपकिरी कांदा उरला तेव्हा ते म्हणाले, "हाही गेला." आणि कुंडीसकट जिन्याशी, कचरेवाल्यासाठी ठेवून दिला.

मधे एक भानगड झाली. कचरेवाल्याच्या आधी साहेबांच्या मंडळींची नजर तिथे गेली. कुंडी चांगली आहे म्हणून त्यांनी माती झटकली, कुंडी धुवायला घेतली आणि कांदा ओट्यावर ठेवला. तिथून तो कांद्याच्या टोपलीत कसा गेला हे कुणालाच सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांसाठी विळीवर धरला आणि वरचं साल सोलताना चिकट रस हाताला लागला म्हणून थबकल्या. बाब्याने ओरडून हातातून घेतला. या लाल लिलीच्या कांद्यात लायकोरिन नावाचं विष असतं. पोटात गेलं तर उलट्या, जुलाब. साहेबांच्या घरचे पोहे त्या दिवशी बिनकांद्याचे झाले.

बाब्याने कांदा पुन्हा त्याच कुंडीत लावला, कोरड्या मातीत, आणि जिन्याखाली पाण्याच्या मीटरच्या मागे ठेवला. कुणाला बोलला नाही. तिसऱ्या क्लासला तो जात होता. संध्याकाळी मात्र तासभर नानींकडे. साहेबांनी विचारलं, "तिथे काय करतोस?" तो म्हणाला, "काही नाही." हे उत्तर साहेबांना मान्य होण्यासारखं नव्हतं. ते वर गेले आणि नानींना म्हणाले, पोराचा वेळ वाया जातो आहे. नानी तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "त्याचं वर्ष आहे, तासभर त्याला ठेवू द्या. तेवीस तास तुमच्याकडे आहेतच." साहेब खाली आले. चाळीत नानींना उलट बोलायची रीत नाही. नाहीतर साहेब बोलले असते.

होळीनंतर बाब्याने कुंडी बाहेर काढली, साल ओलं होईल एवढंच पाणी घातलं आणि नानींच्या कठड्यापाशी उन्हात ठेवली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दांडा वीतभर आला होता. फुलं उमलल्यावर त्याने कुंडी नेऊन साहेबांच्या दारात ठेवली. साहेब बँकेतून आले. चार लाल फुलं बघितली, कुंडी ओळखली.

"खत कुठलं घातलंस?"

"काही नाही."

"पाणी?"

"तीन महिने तेही नाही."

"मग आलं कसं?"

"गेल्या पावसाळ्यात तुम्ही पानं चांगली वाढवली होती बाबा. तेव्हाच आलं होतं. नंतर फक्त कुणी छळायला नको होतं."

साहेबांना हे उत्तर आवडलं की नाही, ते सांगता येत नाही. त्यांनी फोटो काढला. मग त्यांचा हात सवयीने मातीकडे गेला आणि बाब्याने कुंडी थोडी बाजूला सरकवली.

मे महिन्यात त्याने नीट दिली. मार्क पहिल्यापेक्षा बरे, पण डॉक्टर होण्याएवढे नाहीत. गोष्टीतलं पोर म्हणून त्याला मी मेडिकलला पाठवू शकत नाही. त्याने राज्याची सीईटीही देऊन ठेवली होती, साहेबांना न विचारता. आता तो दापोलीला कोकण कृषी विद्यापीठात उद्यानविद्या शिकतो. साहेब कुणी विचारलं की अजूनही आधी ९१ टक्क्यांचं सांगतात, दापोलीचं नंतर. आणि रोज रात्री फोनवर पहिला प्रश्न तोच असतो. एवढं मात्र झालं आहे की बाब्या दुसऱ्या दिवशी उत्तर देतो म्हणाला तर ते थांबतात. माणूस एका कुंडीने याहून जास्त बदलत नाही असं माझं मत आहे. नानी याबद्दल काहीच बोलत नाहीत. त्यांच्या मते त्यांनी एक कांदा दिला आणि अळ्या वेचायला एक पोरगं मागितलं, बाकी काही केलं नाही.

नानींकडे सध्या लाल लिलीची पिल्लं जास्त झाली आहेत. मागायला येणाऱ्याने दिवाळीनंतर, पानं उतरल्यावर यावं. पावसाळ्यात त्या माठाला हात लावू देत नाहीत. आणि घरी नेल्यावर कांद्यांच्या टोपलीपासून लांब ठेवा. कागदात गुंडाळून वर मोठ्या अक्षरांत नाव लिहा, वाचता येईल असं.